तोफ एक, कान अनेक : आघातध्वनींच्या शब्दांची कथा

हुगळीच्या काठी, कोलकात्याच्या विस्तीर्ण मैदानाच्या पश्चिम कडेला जो जुना किल्ला उभा आहे, तो आपल्या मंडळाच्या सभासदांना परका नाही. सायंकाळी मैदानावर फिरावयास जाताना किंवा ईडन गार्डन्सवर क्रिकेटचा सामना पाहावयास जाताना त्याचे हिरवळीने झाकलेले तट आपण नेहमीच पाहतो. मात्र हे मैदान इतके मोकळे कशामुळे राहिले, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. १७५६ साली सिराज-उद्-दौल्याने इंग्रजांचा जुना किल्ला जिंकून घेतला, तेव्हा आसपासच्या उंच इमारती बचाव करणाऱ्यांना घातक ठरल्या. त्यावरून धडा घेऊन क्लाइव्हने १७५८ साली गोविंदपूर गावाच्या जागी नवा फोर्ट विल्यम बांधावयास घेतला. १७८१ च्या सुमारास तो पुरा झाला. गाव उठविले, जंगल तोडले आणि तोफेच्या तोंडासमोर काही आडवे येऊ नये म्हणून सभोवारची जमीन मोकळी ठेवली. आज आपली मुलेबाळे जेथे पतंग उडवितात, ती जागा अशा रीतीने तोफांनी राखलेली आहे.

या तोफांनी शत्रूवर मारा करण्याचा प्रसंग पुढे आला नाही. परंतु त्या मुक्याही राहिल्या नाहीत. एकोणिसाव्या शतकात किल्ल्यावरून ठरावीक वेळी तोफ डागण्याचा रिवाज होता आणि शहर त्या आवाजावर आपली घड्याळे लावीत असे. कालीप्रसन्न सिंहांच्या ‘हुतोम प्याँचार नक्शा’ या १८६२ च्या सुमाराच्या प्रसिद्ध पुस्तकात त्या काळच्या कोलकात्याच्या रस्त्यावरचे जे जिवंत दर्शन घडते, त्यात ही तोफही ऐकू येते.

आमचा प्रश्न या आवाजापुरताच आहे. तोफ एकच, दारू तीच, हवेत उठणारी लाटही तीच. पण धर्मतल्ल्यातील बंगाली दुकानदाराच्या कानी पडते ते ‘गुडुम’. तटावरच्या इंग्रज शिपायाच्या कानी पडते ते ‘बूम’ किंवा ‘बँग’. आणि त्याच वेळी रस्त्याने एखादा मराठी गृहस्थ जात असेल, तर त्याला ऐकू येते ते ‘धडाम’. तिघांनीही आवाजाची नक्कलच केली. मग तीन नकला तीन प्रकारच्या का? आणि ही नक्कल म्हणजे भाषा म्हणावी, की भाषेच्या उंबऱ्याबाहेरचा नुसता गोंगाट?

हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. यास्काच्या निरुक्तात कावळ्याचे ‘काक’ हे नाव त्याच्या आवाजाच्या अनुकरणाने पडले असून पक्ष्यांच्या नावांत असा प्रकार पुष्कळ आढळतो, असे म्हटले आहे. तेथेच औपमन्यव नावाच्या आचार्यांचे उलट मतही नोंदलेले आहे. ध्वनीचे अनुकरण म्हणून शब्द होतच नाही, असे त्यांचे म्हणणे. पाणिनीने या वादात न पडता व्यवहार पाहिला. ज्या आवाजात वर्ण स्पष्ट नाहीत त्याच्या अनुकरणाला त्याने ‘अव्यक्तानुकरण’ असे नाव दिले, आणि ‘पटत्’ असा आवाज केला हे सांगताना ‘पटपटा करोति’ असे रूप कसे सिद्ध होते याचा नियमच घालून दिला. आपली आजी फुले ‘पटापटा’ वेचावयास सांगते, तेव्हा ती नकळत एका अडीच हजार वर्षांच्या परंपरेत बोलत असते.

युरोपात हा वाद पुन्हा पेटला तो एकोणिसाव्या शतकात. ऋग्वेदाचे संपादक म्हणून आपल्याकडे आदराने ओळखले जाणारे मॅक्स म्यूलर यांनी १८६१ च्या आपल्या व्याख्यानांत, भाषेचा उगम ध्वनींच्या नकलेत आहे या मताची ‘बाऊ-वाऊ’ अर्थात भूभू-सिद्धान्त म्हणून थट्टा केली. पुढे सोस्यूर या स्विस पंडितानेही असे शब्द भाषेत थोडे असून ते तिच्या कडेला असतात, आणि तेही अंशतः रूढीनेच ठरतात, असे प्रतिपादन केले. ‘गुडुम’ आणि ‘बँग’ यांच्यातील अंतर पाहिले म्हणजे रूढीचा मुद्दा कोणासही पटावा. तथापि ‘थोडे’ आणि ‘कडेला’ हे शब्द मराठी माणसाने मान्य करण्यापूर्वी जरा थांबले पाहिजे.

प्रथम इंग्रजीकडे पाहू. आघाताच्या आवाजाचे शब्द त्या भाषेत विपुल आहेत : बँग, थड, थंप, बंप, क्रॅक, क्रॅश, स्मॅश, स्लॅप, व्हॅक, क्लँग, नॉक. यांची वंशावळ पाहिली तर ते एका दिवसात जन्मलेले नाहीत, हे कळते. ‘नॉक’ आणि ‘क्लॅप’ हे प्राचीन इंग्रजीइतके जुने. ‘बँग’ सोळाव्या शतकात दिसू लागतो व तो बहुधा उत्तरेकडील स्कँडिनेव्हियन लोकांच्या हातोडा मारण्याच्या क्रियापदावरून आला असावा, असे कोशकार मानतात. ‘थंप’ही सोळाव्या शतकातला, ‘स्मॅश’ त्यामानाने अर्वाचीन. ‘थड’ हा शब्द मुळात ढकलणे, रेटणे अशा अर्थाच्या जुन्या क्रियापदाशी जोडला जातो. जड वस्तू पडल्याचा बद्द आवाज हा त्याचा अर्थ मागाहून रूढ झाला. म्हणजे काही शब्द आवाजातून जन्मले, तर काहींनी जन्मानंतर आवाजाचा व्यवसाय पत्करला.

‘नॉक’ची हकीकत तर मोठी बोधप्रद आहे. त्याच्या लेखनात आरंभी ‘क’चे अक्षर आहे आणि पूर्वी ते उच्चारलेही जात असे. ‘क्नॉक’ असे म्हणून पाहावे, म्हणजे दारावर बोटाचे पेर आपटल्याचा भास होतो. पुढे त्या भाषेच्या उच्चारात बदल झाला, आरंभीचा ‘क’ गळाला, आणि दारावरची ती टकटक निम्मी बुजली. शब्द राहिला, आवाज गेला. ध्वनीची नक्कल करणारा शब्ददेखील इतर शब्दांप्रमाणेच झिजतो, हे यावरून दिसते.

या शब्दांना एक शिस्तही आहे. क्रॅश, स्मॅश, बॅश, स्प्लॅश यांच्या शेवटी आवाज पसरत जातो, काहीतरी फुटते किंवा उडते. थंप, बंप यांच्या शेवटी ओठ मिटतात आणि आवाज आत दबतो. बँग, क्लँग यांत तो नाकावाटे घुमत राहतो. इंग्रजी आपले बहुतेक काम अशा शेवटच्या व्यंजनांकडून करून घेते. आपल्याला मात्र देवाने ध, ठ, ढ, ख, फ असे महाप्राण दिले आहेत. तेव्हा आपण आघात शब्दाच्या आरंभीच करतो. ‘थड’ आणि ‘धप्प’ एकापाठोपाठ म्हणून पाहा. कोणता पाट जमिनीवर आधी पडला, ते लक्षात येईल.

परंतु खरा भेद व्यंजनांत नाही, तो वाक्यात आहे. इंग्रजी माणूस आवाजालाच क्रियापद करतो. ‘त्याने दार बँग केले’ अशा धर्तीचे त्याचे वाक्य असते. दार लावणे आणि आवाज होणे ही दोन्ही कामे एकाच शब्दात उरकली जातात. मराठीतही धडकणे, ठोकणे, खटखटणे, धडधडणे अशी क्रियापदे आहेत. पण आपली आवडती रीत निराळी. आपण क्रिया तिच्या जागी ठेवतो आणि आवाज तिच्याशेजारी उभा करतो : त्याने दार धाडकन लावले. यामुळे दार तेच राहते आणि लावणाऱ्याचे मन बदलत जाते. धाडकन लावले, तो रागावला आहे. खटकन लावले, त्याला घाई आहे. फटकन लावले, त्याने कोणाचा तरी अपमान केला आहे. एका ‘कन’मध्ये मराठी माणूस आवाज, वेग आणि स्वभाव तिन्ही सांगून जातो.

आपल्या व्याकरणात यांना अनुकरणदर्शक क्रियाविशेषणे म्हणतात, आणि झटकन, पटकन, टपटप, बदाबद ही उदाहरणे शाळेत आपण सर्वांनी घोकलेली आहेत. घोकताना एक गोष्ट मात्र सहसा कोणी सांगितली नाही. ‘कन’ लागला की आघात एकदाच आणि क्षणात होतो : आंबा बदकन पडला. शब्द दुणावला की आघात पुन्हा पुन्हा होतो : वाऱ्याने आंबे बदाबद पडले. स्वर लांबला की आवाज मोठा होतो : खटकन कुलूप लागते, पण खाडकन मुस्काटात बसते. पदार्थ कोणता, हेही शब्दच सांगतो. नाणे खणकन वाजते, काच खळकन फुटते, फांदी काडकन मोडते, ओले धुणे सपकन अंगावर येते, विहिरीत खडा डुबकन जातो. या शब्दांच्या मागे धातू, लाकूड, माती आणि पाणी यांचे एक सबंध शास्त्र उभे आहे, आणि ते आपल्या घरांतील स्त्रियांनी, कुणब्यांनी, सुतार-लोहारांनी शतकानुशतके कानांनी घडविलेले आहे.

हे असे तोंडी शास्त्र छापील पुस्तकाच्या दारात कधी आले? येथे पुन्हा फोर्ट विल्यमकडे वळावे लागते. कारण मराठी भाषा छापखान्याच्या खिळ्यांत प्रथम नीट बसविली गेली ती पुण्यात किंवा मुंबईत नव्हे, तर याच हुगळीच्या तीरावर.

कोलकात्याची आणि आपली पहिली ओळख काही गोड नव्हती. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांच्या भयाने येथील रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणावयास घेतला. तो ‘मराठा डिच’ म्हणून इतिहासात राहिला आणि पुढे बुजवून त्याचा रस्ता झाला. बारगीर या आपल्या शब्दाचा ‘बर्गी’ होऊन तो बंगाली अंगाईगीतात शिरला व पिढ्यान्‌पिढ्या बाळांना भिववीत राहिला. घोड्यांच्या टापांचा आवाज ही बंगालच्या कानावर मराठ्यांची पहिली खूण होती, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

१८०० साली गव्हर्नर-जनरल वेलस्ली याने कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकविण्यासाठी फोर्ट विल्यम कॉलेज स्थापन केले. नाव किल्ल्याचे असले तरी कॉलेज तटाच्या आत नव्हते. ते शहरातच भरे. तेथे बंगाली व संस्कृत शिकविण्यासाठी १८०१ मध्ये विल्यम कॅरे यांची नेमणूक झाली. मूळचा जोडे शिवणारा हा इंग्रज मिशनरी तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात असलेल्या श्रीरामपुरास राहत असे आणि तेथे त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी छापखाना चालविला होता. लवकरच मराठी विषयही त्याच्याकडे आला. त्याचा मुख्य आधार होते कॉलेजातील मराठीचे मुख्य पंडित वैजनाथशास्त्री. ते नागपूरकडचे.

काळ कोणता होता, तेही ध्यानात घ्यावे. १८०३ च्या सप्टेंबरात असईची लढाई झाली, नोव्हेंबरात अडगावची, डिसेंबरात गाविलगड पडला आणि देवगावच्या तहाने नागपूरकर भोसल्यांना कटक प्रांत सोडावा लागला. ज्या वेलस्लीच्या तोफा वऱ्हाडात धडधडत होत्या, त्याच्याच कॉलेजात नागपूरकडचा एक ब्राह्मण इंग्रज मुलांना मराठी शिकवीत होता. भाषा शिकण्यामागे राज्य चालविण्याचा हेतू होता, यात शंका नाही. पण हेतू काहीही असो, त्यातून जे निपजले ते आपल्या कामी आले.

१८०५ साली कॅरेचे मराठी व्याकरण श्रीरामपुरास छापून निघाले. त्याला नित्याच्या विषयांवरील संभाषणांची पुरवणी जोडलेली होती, हे आम्हांस फार महत्त्वाचे वाटते. कॅरेला पोथीतील भाषेइतकेच तोंडच्या भाषेचे आकर्षण होते. १८०१ साली त्याने बंगालीत ‘कथोपकथन’ नावाचे जे संवादांचे पुस्तक काढले, त्यात कोळ्यांचे बोलणे आहे, बाजारातील व्यवहार आहे आणि बायकांचे भांडणसुद्धा आहे. १८१० साली त्याचा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. त्यातील मराठी शब्द मोडी अक्षरांत छापले होते, कारण व्यवहारात मराठी माणूस मोडीच लिहीत असे. वैजनाथशास्त्र्यांची ‘सिंहासनबत्तिशी’ १८१४ साली, ‘हितोपदेश’ १८१५ साली आणि राजा प्रतापादित्याचे चरित्र १८१६ साली याच छापखान्यातून निघाले.

हे खिळे पाडणारे हातही बंगाली होते. पंचानन कर्मकार आणि त्यांचे जावई मनोहर यांनी श्रीरामपुरासाठी अनेक लिप्यांचे ठसे घडविले. पोलादी कांडीच्या टोकावर उलटे अक्षर कोरावयाचे, ते मऊ धातूवर हातोड्याने एकदाच नेमके ठोकावयाचे, आणि त्या खोलगट ठशात शिशाचा रस ओतून खिळा पाडावयाचा, अशी ती कृती. म्हणजे छापील अक्षराचा जन्मही एका ‘ठक्‌’मध्येच झाला, असे म्हणावयास हरकत नाही. १८१२ च्या मार्चमध्ये छापखान्याला आग लागून कागद, हस्तलिखिते आणि खिळे यांची फार हानी झाली. परंतु मूळचे ठसे बचावले होते, म्हणून थोड्याच काळात नवे खिळे पाडून काम पुन्हा सुरू झाले.

कॅरे आणि वैजनाथशास्त्र्यांनी दार उघडले. आघाताच्या शब्दांना आत पाटावर बसविले ते मोल्सवर्थने. जेम्स थॉमस मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली मुंबईत प्रसिद्ध झाला आणि १८५७ साली त्याची दुसरी, वाढविलेली आवृत्ती निघाली. पुष्कळ संस्कृतज्ञांच्या दृष्टीने धाडकन, खटकन हे ग्राम्य शब्द. त्यांना व्युत्पत्ती नाही, शास्त्राधार नाही. मोल्सवर्थने त्यांना गाळले नाही. हा शब्द ध्वनीच्या अनुकरणाने झाला आहे, अशी संक्षिप्त खूण करून त्याने ते ओळीने नोंदले. एवढेच नव्हे, तर ‘कन’प्रमाणेच ‘कर’, ‘दिनी’, ‘दिशी’ अशी त्यांची शेपटेही नोंदली. आज ‘धाडदिशी’ म्हणणारा माणूस विरळा झाला आहे. पण तो शब्द हरवला नाही, कारण कोणीतरी तो वेळीच लिहून ठेवला.

या देवघेवीत इंग्रजीही रिकाम्या हाताने परतली नाही. ‘टॉमटॉम’ हे ढोलाचे नाव आपल्याकडील टमटम अशा आवाजावरून सतराव्या शतकातच त्या भाषेत गेले. आपल्या ‘बाप रे!’ या उद्गारावरून इंग्रजीत गोंधळ-गलबला या अर्थी ‘बॉबरी’ शब्द झाला, असे यूल आणि बर्नेल यांनी १८८६ सालच्या आपल्या कोशात म्हटले आहे. त्या कोशाचे नावच मुळी ‘हॉब्सन-जॉब्सन’. मोहरमच्या मिरवणुकीत छातीवर हात आपटीत ‘या हसन, या हुसेन’ असा जो आक्रोश होतो, तो गोऱ्या शिपायांच्या कानी पडून त्याचे हे दोन इंग्रजी आडनावांसारखे रूप झाले. कान जे ऐकतो ते आपल्या घरच्या साच्यात ओततो, याचे याहून ठळक उदाहरण सापडणार नाही.

येथेच एका गोड गैरसमजाचाही उल्लेख केला पाहिजे. आपल्या विमानतळामुळे सर्वांना ठाऊक असलेल्या दमदमचे नाव तोफांच्या ‘दम-दम’ आवाजावरून पडले, असे पुष्कळ जण सांगतात. दमदम हे १७८३ पासून १८५३ पर्यंत बंगाल तोफखान्याचे मुख्य ठाणे होते आणि १८९० नंतरच्या दशकात तेथील शस्त्रागारात तयार झालेली, शरीरात शिरताच पसरणारी गोळी ‘दमदम गोळी’ म्हणून जगभर कुप्रसिद्ध झाली. १८९९ च्या हेग परिषदेत तशा गोळ्यांवर बंदी घालण्यात आली. तेव्हा ही समजूत सहज पटते. परंतु नावाचे मूळ ‘दमदमा’ म्हणजे मातीचा उंच मोर्चा किंवा टेकाड या फारसीतून आलेल्या शब्दात आहे, आणि तो शब्द मराठीलाही परिचित आहे. प्रत्येक दणका हा शब्दाचा बाप असतोच असे नाही!

आपल्या बंगाली शेजाऱ्यांनी या विषयात जो विचार केला आहे, तो पाहिला म्हणजे मन आनंदते. रवींद्रनाथांनी बंगालीतील ध्वन्यात्मक शब्दांवर स्वतंत्र निबंध लिहिला. तो त्यांच्या १९०९ सालच्या ‘शब्दतत्त्व’ या पुस्तकात समाविष्ट आहे. बंगाली माणूस जेथे मुळीच आवाज नाही तेथेसुद्धा, म्हणजे रंग, स्पर्श, वेदना सांगतानाही, आवाजाचे शब्द वापरतो, याकडे त्यांनी लक्ष वेधले. रामेन्द्रसुंदर त्रिवेदींनी ‘शब्दकथा’ या ग्रंथात कोणते व्यंजन कोणत्या जातीच्या आघाताशी जुळते, याचा बारकाईने शोध घेतला. एक महाकवी आणि एक विज्ञानाचे प्राध्यापक ‘धपास’ आणि ‘ठास’ यांच्या अभ्यासाला बसतात, यात त्या भाषेचा मोठेपणा आहे. बंगाली ‘दडाम करे’ म्हणते, आपण ‘धाडकन’ म्हणतो. ‘करे’ आणि ‘कन’ यांचे काम एकच. या बाबतीत लंडनपेक्षा बंगाल आपल्याला कितीतरी जवळचा आहे.

आवाज नसलेल्या ठिकाणी आवाजाचा शब्द वापरण्याची ही रीत मराठीतही भरपूर आहे. मडके किंवा भांडे घेताना आपण बोटाने वाजवून पाहतो. ते ठणठण वाजले तर त्याला चीर नाही. त्यावरून धडधाकट माणूस ‘ठणठणीत’ झाला. खरा रुपया खणखण वाजे, म्हणून स्पष्ट आवाज आणि अस्सल गुण ‘खणखणीत’ झाले. दणका मोठा, म्हणून विजय ‘दणदणीत’. गंमत अशी की, इंग्रजीनेही हीच वाट धरली. मोठ्या बहुमताला तेथे ‘थंपिंग’ बहुमत म्हणतात आणि गाजलेल्या नाटकाला ‘स्मॅश हिट’. दोन दूरदूरच्या भाषा आघातापासून निघून गौरवापर्यंत पोहोचल्या.

मात्र एका ठिकाणी मराठी आणखी आत शिरते. परमुलखात राहणाऱ्या आपल्या जुन्या पिढीला आठवत असेल : अपरात्री दारावर खटखट होई, तारवाला उभा असे, आणि पाकीट उघडण्यापूर्वीच काळजात ‘धस्स’ होई. २०१३ च्या जुलैमध्ये तारसेवा बंद झाली. पण अवेळी फोन वाजला म्हणजे ते ‘धस्स’ अजूनही होतेच. हा आघात कोणा दुसऱ्याला ऐकू येत नाही. काळीज जमिनीवर पडत नाही, कशावर आपटत नाही. तरी त्या क्षणाला मराठीने नेमका आवाज दिला आहे. ‘धस्स झाले’, ‘चर्र झाले’, ‘धडकी भरली’ यांतील फरक कोणत्याही व्याख्येने सांगता येणार नाही. तो ज्याच्या घरी मराठी बोलली जाते, त्यालाच कळतो.

आणि म्हणूनच हा विषय आम्ही या सुवर्णमहोत्सवी ग्रंथासाठी निवडला. परप्रांतात किंवा परदेशात वाढणाऱ्या मुलांच्या मराठीची काळजी आपण सर्व जण करतो. आपण त्यांना अक्षरे शिकवितो, श्लोक पाठ करून घेतो, गणेशोत्सवात नाटक बसवितो. त्यातून नामे राहतात, नात्यांचे शब्द राहतात, पक्वान्नांची नावे तर हमखास राहतात. आमचा अनुभव असा की, सर्वांत आधी जातात ते हे आघाताचे शब्द. पाटीवरची अक्षरे मराठीत गिरवणारे मूल खेळताना पडले की ‘बूम’ म्हणते, दार आपटले की ‘बँग’ म्हणते. चित्रकथांच्या पानांतून आणि पडद्यावरून ते इंग्रजी आवाज त्याच्या कानात आधीच भरलेले असतात. १९६६ साली अमेरिकन दूरदर्शनवर आलेल्या ‘बॅटमॅन’ मालिकेत तर प्रत्येक ठोशागणिक असा एकेक शब्द पडद्यावर मोठ्या अक्षरांत झळके. त्या शब्दांत वाईट काही नाही. त्यांचीही कुळकथा आपण वर आदराने पाहिली. पण ‘बँग’ आला म्हणून ‘धाडकन’ने घर सोडून जावे, हे काही योग्य नव्हे.

हे शब्द आधी जातात याचे कारणही उघड आहे. ते धड्यात नसतात. धाडकन, बदकन, सपकन हे कोणी मुद्दाम शिकवीत नाही. ते स्वयंपाकघरात भांडे पडताना, अंगणात नारळ फोडताना, गोष्ट सांगताना आजीच्या हातवाऱ्यांबरोबर मुलाच्या कानात शिरतात. वैजनाथशास्त्र्यांना मराठी शिकविण्यासाठी नागपूर सोडून हुगळीकाठी यावे लागले. आपल्याला तर घराबाहेरही जावयाचे नाही. गोष्ट सांगताना राक्षस नुसता ‘पडला’ असे न म्हणता तो ‘धाडदिशी’ पडला असे म्हणावे, एवढेच. आणि आपापल्या गावाकडचा एखादा खास शब्द असेल, कोकणातला असो, वऱ्हाडातला असो की बेळगावकडचा, तर तो मंडळाच्या वहीत लिहून ठेवावा. मोल्सवर्थने जे केले ते अजून संपलेले नाही.

जाता जाता पुन्हा किल्ल्याकडे वळू. १७५६ च्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी कोकणच्या किनाऱ्यावर तुळाजी आंग्ऱ्यांच्या विजयदुर्गावर तोफा डागल्या. जहाजावर गोळा पडून आग लागली आणि आंग्ऱ्यांचे आरमार जळून खाक झाले. त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूस होते, ही आपल्या इतिहासातील बोचरी गोष्ट होय. तेच वॉटसन आणि क्लाइव्ह पुढे बंगालच्या उपसागरात आले आणि १७५७ च्या जानेवारीत त्यांनी कोलकाता परत घेतले. त्या धडाक्यातूनच आजचा फोर्ट विल्यम उभा राहिला. भारतीय लष्कराच्या पूर्व विभागाचे मुख्यालय असलेल्या या किल्ल्याला आता नवे नाव मिळाले आहे, हे २०२५ च्या फेब्रुवारीत सर्वांना कळले. ते नाव ‘विजय दुर्ग’. आणि त्याच्या दक्षिणेकडील सेंट जॉर्जेस गेटचे नाव झाले आहे ‘शिवाजी गेट’.

ज्या शहराने आपल्या घोड्यांच्या टापांच्या भयाने एके काळी खंदक खणला, त्याच शहरातील किल्ल्याला कोकणातील किल्ल्याचे नाव लाभावे, हा काळाचा महिमा आहे. नावे सरकारी हुकमाने बदलतात; आवाजाचे शब्द मात्र कोणाच्याही हुकमाने राहत नाहीत. ते राहतात ते बोलणाऱ्याच्या ओठांवर आणि ऐकणाऱ्याच्या कानात. मंडळाच्या पुढल्या पन्नास वर्षांत या मैदानावर पतंगामागे धावणारे एखादे मराठी मूल पाय घसरून पडेल, आणि उठून अंगावरची माती झटकीत आईला सांगेल, ‘मी धपकन पडलो!’ तेव्हा आपल्या पूर्वसूरींचे श्रम कारणी लागले, असे आम्ही समजू.